मासाही गुरूच होता



मार्गशीर्ष लागला की दत्तमंदिरांतून पारायणं बसतात, कीर्तनं होतात आणि सप्ताहातल्या एखाद्या रात्री बुवा चोवीस गुरूंच्या आख्यानाला हात घालतात. आख्यान आपल्या कानांना इतकं सवयीचं झालं आहे की पृथ्वी, वायू, आकाश असं सुरू झालं की माना आपोआप डोलायला लागतात. यदुराजाने विचारलं, अवधूताने सांगितलं. भागवताच्या अकराव्या स्कंधातला हा भाग, आणि नाथमहाराजांनी तो मराठीत असा काही फुलवला आहे की पुन्हा पुन्हा ऐकूनही कंटाळा येत नाही.

पण एक गोष्ट ऐकता ऐकता निसटून जाते. या चोवीसांत सगळेच काही सद्गुणी नाहीत. पतंग दिव्यावर झेपावला आणि जळाला. हरीण गाण्याला भुललं आणि पारध्याच्या हाती लागलं. हत्ती हत्तिणीच्या नादाने खड्ड्यात पडला. कपोत, म्हणजे आपलं कबुतर, पिलांच्या मायेपोटी जाळ्यात शिरलं. मासा आमिषाच्या चवीला भुलला आणि गळ गिळून बसला. यांच्यापैकी एकालाही स्वतःला वाचवता आलं नाही. तरी अवधूत त्यांना गुरू म्हणतो. पृथ्वी आणि सूर्य ज्या पंगतीला बसले आहेत त्याच पंगतीला त्यांनाही पाट मांडतो.

या विशेषांकात मला लिहायचं आहे ते लहान मुलांच्या तोंडात जाणाऱ्या तंबाखूबद्दल आणि ओठाला लागणाऱ्या दारूबद्दल. आणि लिहिताना हा मासा मला सोडत नाही. का, ते पुढे येईलच.

आपल्या आगाशीत हा विषय नवा नाही आणि फक्त आगाशीचाही नाही. शाळा सुटल्यावर रिक्षा स्टँडजवळच्या टपरीपाशी जरा उभं राहावं. पाठीवर दप्तर, गणवेशाचा शर्ट चड्डीबाहेर आलेला, असा तिसरी-चौथीतला पोरगा येतो, पैसे पुढे करतो आणि पुडीचं नाव घेतो. "कोणाला रे?" असं कोणी विचारलंच तर "आजोबांना" म्हणतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. टपरीवाल्याला घर माहीत असतं, तो देतो. पोरगा पुडी नाकाशी नेऊन वास घेत घेत घरी जातो. पहिली ओळख होते ती अशी, नाकातून. रविवारी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सहली येतात, संध्याकाळी त्या परततात आणि सोमवारी सकाळी बाटल्या गोळा करायला पोरं जातात. तळाशी उरलेलं कोणी ओतून देतं, कोणी चाखून बघतं.

2019 साली देशभरातल्या शाळांमध्ये 13 ते 15 वर्षांच्या मुलांचं तंबाखूविषयी मोठं सर्वेक्षण झालं, जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाची ती चौथी फेरी. शंभरातली साडेआठ मुलं त्या वेळी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, "साडेआठच ना?" पण त्याच अहवालातला दुसरा आकडा जास्त बोचतो. चघळायची, लावायची तंबाखू ज्या मुलांनी वापरली होती त्यांच्यातल्या 52 टक्क्यांनी ती वयाची दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत सुरू केली होती. विडीत हे प्रमाण 47 टक्के, सिगारेटमध्ये 38. दहा वर्षांच्या आत, म्हणजे मुंजीच्या वयात.

आणि महाराष्ट्र मुळात चघळणारा प्रांत. 2016-17 च्या प्रौढांच्या सर्वेक्षणात आपल्या राज्यात तंबाखू घेणारे 26.6 टक्के निघाले. त्यातले धूर काढणारे थोडे, 3.8 टक्के, बिनधुराची घेणारे 24.4 टक्के. याचा घराशी संबंध आहे. सिगारेट ओढणारा माणूस निदान गॅलरीत जातो, गच्चीवर जातो. तंबाखू मळणारा झोपाळ्यावर बसून, नातवाला मांडीवर घेऊन मळतो. डाव्या तळव्यावर चिमूट, वर चुना, अंगठ्याने घोळून दोन थापट्या. लहान मुलाला यापेक्षा गमतीचा खेळ तो कुठला? बघता बघता ते मातीची तंबाखू करून तळव्यावर मळायला लागतं आणि आपण सगळे हसतो. चोवीस गुरूंतली शेवटची कुंभारमाशी आठवावी. तिने घरट्यात कोंडलेली अळी तिच्याकडे बघत बघत तिच्यासारखीच होते, असा तो दाखला. ध्यानाचं सामर्थ्य सांगायला तो दिला आहे. पण पोरं आपल्याकडे किती एकटक बघत असतात, हे कळायलाही तो पुरतो.

आपल्या भागाला याबाबतीत एक वेगळा इतिहास आहे. तंबाखू हे इथलं झाडच नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती हिंदुस्थानात आली. अकबर बादशहाच्या दरबारात ती गेली तीसुद्धा दक्षिणेतल्या विजापुराहून, 1604 च्या सुमारास. आणि आपली वसई, आगाशी तर 1534 पासून 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत पोर्तुगिजांच्याच अमलाखाली. तेव्हा "आमच्या वाडवडिलांपासून चालत आलंय" असं जे आपण म्हणतो त्यातले वाडवडील फार तर चारशे वर्षांचे. देवापुढचा विडा त्याहून कितीतरी जुना. त्यात पान, सुपारी, कात, चुना, वेलची, लवंग, जायपत्री असं सगळं असतं, तंबाखू नसते. अर्थात जुनं म्हणून सुपारी निर्दोष ठरते असं मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. लग्नात पोरांच्या हातावर गोड सुपारीच्या पुड्या ठेवतो ना, त्या याच वाटेवरची पहिली पायरी.

मूळ मुद्दा मात्र हा की लहान मुलाला पहिली चव देणारा कोणी दुष्ट माणूस नसतो. तो घरातला असतो आणि बहुधा मायेने देतो. कोकणात, देशावर घरोघरी मिश्री भाजली जायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. दात दुखतो म्हणून रडणाऱ्या पोराच्या हिरडीला आजीच बोटाने मिश्री लावायची. आजीचा हेतू चांगला, बोटही प्रेमाचं. दात थांबायचा, बोटाची सवय राहायची. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने 1992 मध्ये बंदी केली, पण घरातल्या तव्याला कायदा कसा लागू होणार? सर्दीला ब्रँडीचा थेंब, अंगाला थंड म्हणून पहाटेच्या ताडीचा घोट. पहाटे उतरवलेली गोड नीरा ऊन चढेल तशी आपोआप आंबते, हे ताडाखाली वाढलेल्या आपल्या लोकांना सांगायला नको. दहा वाजताची नीरा पहाटेची राहिलेली नसते, पण घोट तोच असतो.

याहून जीव कासावीस करणारं उदाहरण मुंबईचं आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या पाहण्या झाल्या. त्यांत दिसलं की तान्ह्या मुलांना अफूची गोळी देण्याची चाल सरसकट होती. बाळगोळीच म्हणत तिला. आई सकाळी साच्यावर जाणार, मूल खोलीत एकटं किंवा शेजारणीपाशी, ते दिवसभर निजलेलं बरं. त्या आईला कोण वाईट म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. आपल्यापुढे आहे, एवढाच फरक. आपल्या नातवाला टपरीवर पाठवण्याइतकी कसली अडचण आपल्यावर आलेली नाही.

कायदा काय म्हणतो तेही एकदा बघू, कारण बऱ्याच जणांना ते ठाऊक नसतं. 2003 च्या तंबाखू कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे. "आजोबांनी मागवलीय" म्हटल्याने तो माफ होत नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीच नको. 2012 पासून राज्यात गुटखा बंद आहे, म्हणजे कागदावर बंद आहे. दारूसाठी वयाची अट तर त्याहून कडक आहे, बिअरला 21 आणि कडक मद्याला 25. आणि 2015 च्या बालन्याय कायद्याने मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दारू आणायला मूल वापरलं तरी तेवढीच शिक्षा. घरातल्या घरात कोणी पोलिसात जाणार नाही, ते मला कळतं. पण समाजाने ही गोष्ट किती गंभीर मानली आहे याचा अंदाज यावरून यावा.

आता खरा प्रश्न. तो मी माझ्या मनाने काढलेला नाही. देवळाच्या ओट्यावर आरतीनंतर आम्ही चार जण बसतो, त्यांत एक आबा आहेत. पंचाहत्तरी ओलांडलेली, गुरुवार चुकवत नाहीत, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांपासून तंबाखू. मुलांच्या या व्यसनाची गोष्ट निघाली तेव्हा ते म्हणाले, "अहो, सगळं पटतं. पण मीच खातो. मी कुठल्या तोंडाने नातवाला सांगू? आधी मला अधिकार हवा ना?"

सगळे गप्प झाले. कारण अधिकार हा शब्द आपल्या परंपरेत हलका नाही. मंत्र द्यायला अधिकार लागतो, घ्यायलाही लागतो. आणि आपण सगळ्यांनी ती गुळाची गोष्ट ऐकलेली आहे. आई मुलाला साधूकडे आणते, म्हणते, "महाराज, हा गूळ फार खातो, याला सांगा." साधू म्हणतात, आठ दिवसांनी ये. आठ दिवसांनी मुलाला म्हणतात, "बाळ, गूळ खाऊ नको." आई विचारते, एवढंच होतं तर त्या दिवशी का नाही सांगितलंत? साधू म्हणतात, "त्या दिवशी मी स्वतः गूळ खात होतो." वेगवेगळ्या महापुरुषांच्या नावावर ही गोष्ट खपते. कीर्तनात हमखास टाळी घेते.

गोष्ट चांगली आहे. पण तिचा वापर आपण कसा करतो ते बघा. साधूंनी आठ दिवसांत गूळ सोडला. आपण तंबाखू सोडत नाही आणि वर म्हणतो, मी खातो म्हणून मला बोलायचा अधिकार नाही. म्हणजे साधूंनी जी गोष्ट स्वतःला कामाला लावायला वापरली, ती आपण स्वतःला सुट्टी द्यायला वापरतो. नम्रतेचा अंगरखा घातलेला हा आळस आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आबांना मी तसं म्हटलंही. ते रागावले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

अवधूताकडे परत जाऊ. निर्दोष असणाऱ्यालाच शिकवण्याचा अधिकार आहे असा नियम असता, तर माशाचं नाव यादीतून काढून टाकावं लागलं असतं. माशाने रसना जिंकली होती का? उलट, त्याने ती जिंकली नाही म्हणूनच तो गुरू झाला. बाकीची इंद्रियं उपासाने थकतात, जीभ मात्र उपासाने आणखी चाळवते, हे अवधूताला माशाने दाखवलं. दाखवलं कसं? गळ घशात अडकलेला आहे हे दिसलं म्हणून. माशाने गळ लपवला असता आणि "मी मजेत आहे" असा आव आणला असता, तर कोण काय शिकलं असतं?

तेव्हा आबांसारख्या माणसाला अधिकार आहेच, वेगळ्या जातीचा. "मी सोडलं, तूही सोड" हा एक अधिकार. "मला सुटत नाही, बघ माझं काय झालंय, तू हात लावू नको" हा दुसरा. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हा दुसरा अधिकार फार मोलाचा मानतात. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली, कधी पुन्हा घसरून पुन्हा उठलेली माणसंच नव्याने आलेल्यांना हात देतात. त्यांचं बोलणं ऐकलं जातं, कारण ती उंचावरून बोलत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, आजोबा खातात आणि नातवाला नको म्हणतात, हा दुटप्पीपणा पोरं बरोबर ओळखतात. ओळखतात खरी. पण दुटप्पीपणा कशात आहे? डबी लपवून "मी कुठे खातो?" म्हणण्यात आहे. "मला आवडतं म्हणून खातो, तू मोठा झाल्यावर बघू" असं म्हणण्यात तर त्याहून वाईट काहीतरी आहे, कारण त्यामुळे तंबाखू म्हणजे मोठेपणाचं बक्षीस ठरते. उघडपणे "हा माझा पराभव आहे" म्हणण्यात दुटप्पीपणा नाही. फक्त ते म्हणायला जड जातं. नातवंडांपुढे हरलेलं दिसायचं नसतं आपल्याला.

आणि आणखी एक. सोडणं आणि देणं या दोन गोष्टी आपण उगाच एकत्र बांधतो. सोडणं कठीण आहे. चुन्यामुळे निकोटिन तोंडातल्या त्वचेतून झरझर रक्तात उतरतं, मेंदूला त्याची मागणी लागते, चाळीस वर्षांची मागणी एका संकल्पाने जात नाही. जाते तेव्हा आनंदच. पण मुलाला टपरीवर न पाठवणं यात कसली तपश्चर्या? डबी त्याच्या हाताला लागेल अशी न ठेवणं, त्याच्या देखत न मळणं, बारशाला आणि हळदीला पोरांसमोर बाटली न फोडणं? यासाठी मन जिंकावं लागत नाही, आजपासून जमतं. ज्याला पहिलं जमत नाही त्याने दुसरंही करू नये, असं कुठल्या शास्त्रात सांगितलंय?

बारशावरून गाडगेबाबा आठवले. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. लहानगा डेबू आईबरोबर मामाच्या घरी, दापुऱ्याला वाढला. व्यसन एकाचं आणि ते भोगलं लेकराने. पुढे स्वतःच्या मुलीचं बारसं आलं तेव्हा जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाची पंगत सगळ्यांना हवी होती. डेबूजीने गोडाधोडाचं जेवण घातलं. लोक नाराज झाले. तेव्हा ते संत नव्हते, हातात खराटा आलेला नव्हता, एक साधा शेतकरी बाप होता. अधिकाराची वाट बघत ते बसले नाहीत.

चिलमीचा दाखला देणारेही भेटतात. साधू ओढतात, काही संतचरित्रांतही चिलीम येते, मग आमचंच काय एवढं? यांना मी मार्कंडेय पुराणाची आठवण देतो. तिथे दत्तात्रेयांच्या हाती मद्याचं पात्र आहे हे खरं. पण ते कशासाठी? मागे लागलेले मुनिकुमार सरोवराच्या काठावरून हलेनात, त्यांनी आपला नाद सोडावा म्हणून. त्या गोष्टीतसुद्धा पात्र पोरांना दूर सारायला होतं, जवळ ओढायला नव्हतं. साधूचं वैराग्य उचलायचं नाही आणि चिलीम तेवढी उचलायची, हा हिशेब सोयीचा आहे.

ज्या घरात मूल आधीच यात सापडलंय, तिथे काय करावं? एवढंच सांगतो की मारू नका. मारलं की ते थांबत नाही, लपतं. चोवीस गुरूंत बालकही आहे, हे विसरू नये. मान-अपमान नाही, घरादाराची काळजी नाही, आपल्यातच रमलेलं, म्हणून अवधूताने त्याला गुरू केलं. नवव्या वर्षी पुडी लागलेल्या मुलाचं पहिलं काय जातं तर हेच निश्चिंतपण. पुढची पुडी कुठून येणार, पैसे कुठले, वास कसा लपवायचा, ही एवढ्याशा जिवाची काळजी. ते पापी झालेलं नसतं, अडकलेलं असतं. त्याला डॉक्टरकडे न्या, शाळेतल्या विश्वासाच्या शिक्षकांशी बोला. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा 1800-11-2356 हा मोफत फोन आहे. तो आजोबांनाही चालतो आणि नातवालाही.

आबांचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. त्या बोलण्यानंतर दोन-तीन गुरुवार गेले. एका संध्याकाळी ते म्हणाले, "दाखवलं मी त्याला." काय दाखवलं? सुपारी-तंबाखूने त्यांचं तोंड पुरतं उघडत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात, त्यांच्या जेमतेम दोन. नातवाला समोर बसवून त्यांनी तेच दाखवलं. आधी त्याला स्वतःची तीन बोटं घालायला लावली, मग आपली दोन. पोरगं म्हणे हसलं नाही. "आजोबा, मग तुम्ही मोदक कसा खाता?" म्हणून विचारलं. आबा म्हणाले, "तुकडे करून."

तंबाखू त्यांची सुटलेली नाही. कमी झाली आहे, असं तेच सांगतात. पण टपरीवर आता ते स्वतः जातात, गुडघा दुखत असतानासुद्धा, काठी टेकत टेकत. नातू विचारतो, "कुठे चाललात?" ते सांगतात, "तंबाखू आणायला. तू नको येऊस."